पितराच्या पाटावर

चिखलखेडे, ता. यावल
१२ जानेवारी १९९२

चि. सुकदेव यास,

तुझ्या दाजीचे, जीवराम सरोदे याचे, अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी अक्का बरी आहे, गुडघा सोडून.

सोबत विहिरींच्या पाण्याच्या विधेयकावरच्या आक्षेपाची चार पानं आहेत. जळगावात रतिलालशेठच्या मोटारपंपाच्या दुकानात टाइप करून घेतली. टाइप करणारा पोरगा हुशार आहे, पण त्याने पहिल्या पानावर ‘विहीरधारक’ खोडून ‘जमीनधारक’ केलं होतं. मी त्याला परत बसवलं. विहीर आणि जमीन या दोन गोष्टी आहेत, सात-बाऱ्यावर सुद्धा त्यांची नोंद वेगळी होते. तेव्हा तुमच्या जिल्हा परिषदेच्या ऑफिसात कुणी तो शब्द बदलायला निघाला तर हात धर.

तुझे सभापती म्हणाले म्हणे, की चौथी पास माणूस विधेयकावर काय आक्षेप घेणार. त्यांना माझा नमस्कार सांग आणि दुरुस्तीही सांग. मी चौथी नापास आहे. गणितात पहिला होतो, पण मास्तरांशी पटलं नाही. विधेयकाची मराठी प्रत मी यावलच्या वाचनालयात बसून वाचली. जिथे मराठी कळेना तिथे इंग्रजी प्रत घेतली आणि शेजारी शब्दकोश ठेवला. इंग्रजी जास्त सोपं निघालं.

थोडक्यात पुन्हा लिहितो, कारण बोलताना तू घाई करतोस आणि मधलंच सोडून देतोस. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर तिच्यापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून कुणी नवी विहीर खणायची नाही. हे मला मान्य आहे. पुढे म्हटलंय की टंचाई जाहीर झाली तर आत असलेल्या जुन्या विहिरींचा उपसाही साहेब बंद करू शकतात, आणि त्या विहिरीने गावाचं पाणी तुटतं असं ठरलं तर ती कायमची बंद. भरपाईचं कलम आहे. पण तुटतं की नाही हे ठरवणार कोण? साहेब. त्याविरुद्ध दाद कुणाकडे? त्यांच्याच वरच्या साहेबाकडे. विहीर माझ्या बापाने सुरुंग लावून फोडली, तिच्यात पाणी किती आणि कुठून येतं हे मला पाठ आहे, आणि माझं म्हणणं ऐकायचं की नाही हे ठरवणार काल बदली होऊन आलेला माणूस! माझा आक्षेप एवढाच आहे. बंद करायच्या आधी बोलवा, समोर मोजा, आणि पटलं नाही तर कोर्टाची वाट मोकळी ठेवा.

गावाला पाणी द्यायला माझा विरोध नाही हे तुला सांगायची गरज नाही. गावाची विहीर माझ्याच शेताच्या कोपऱ्यात आहे आणि ती मागितली तूच. तीन वर्षं होतील येत्या आखाजीला. रतिलालशेठला परवा हे सांगितलं तर तो हसून लोळला. त्यांच्याकडे आखाजीला घागर भरतात की नाही कोण जाणे. मी त्याला सगळं सांगितलं: अक्षय्यतृतीयेला आपण गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो, वर खरबूज ठेवतो, आणि पितर म्हणून एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालतो. माझ्या बाबांच्या नावाने दरवर्षी तू बसतोस. आमच्या घरात पितराने जेवून उठताना काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत, आणि आजपर्यंत कुणी सुपारीपलीकडे काही मागितलं नव्हतं. तू हात धुतलेस, बाबांसारखा खाकरलास आणि त्यांच्याच आवाजात म्हणालास, “जीवराम, तुझ्या मायच्या नावानं गावाले पानी दे रे.”

सगळे हसले. मी आत गेलो ते डोळे पुसायला गेलो होतो, हे तुझ्या अक्काशिवाय कुणाला माहीत नाही. तुला आज सांगतो.

असो. धुळ्याला या विधेयकावर सभा आहे, तिला दोन्ही जिल्ह्यांतून लोक येणार आहेत, मुंबईहून अधिकारी येणार आहेत. तू सदस्य म्हणून पुढे बसणार, तेव्हा ही पानं तूच वाच. मीही येतो आहे. तुझ्या जीपमध्ये जागा असेल तर कळव.

तुझा,
जीवराम तोताराम सरोदे

ता. क. अक्का म्हणते, दिवाळीला लाडू नेलेला डबा अजून आला नाही.


चिखलखेडे
९ फेब्रुवारी १९९२

श्री. सुकदेव भिरूड,
सदस्य, जिल्हा परिषद, जळगाव यांस,

नमस्कार वि. वि.

आपल्या जीपमध्ये जागा नसल्याचा निरोप वेळेवर मिळाला होता. त्यामुळे मी एस.टी.ने आलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आपली जीप शेजारून गेली. मागची बैठक रिकामी दिसली. पुढे कुणी बसणार असेल, असं मी मनाशी म्हटलं.

सभेत आपण मला पाहिलं नसेल. मी खांबाच्या आड बसलो होतो, कारण पुढच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या होत्या आणि माझ्या नावाची नव्हती. माझ्या शेजारी शिरपूरकडचे एक गृहस्थ होते, मोठे हौशी. प्रत्येक वक्त्याला काहीतरी नाव ठेवत होते. आपण उठलात तेव्हा ते म्हणाले, “हाऊ चांगला बोलस.” मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

आपण काय बोललात ते आपल्याला आठवत असेलच, तरी मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी बदलायला नको. आपण म्हणालात:

“लांबचं उदाहरण कशाला? माझ्या सख्ख्या बहिणीचं घर घ्या. माझे दाजी, दिलदार माणूस. स्वतःच्या शेतातली जागा गावाच्या विहिरीला दिली, पै घेतली नाही. पण त्याच शेतात त्यांची जुनी विहीर आहे, आणि तिच्यावर मोटार आहे. ती सुरू झाली की गावातल्या बायकांची बादली खडकाला लागते. माझे दाजी वाईट नाहीत. पण मित्रहो, माणसाला दया असते, मोटारीला नसते. म्हणून कायदा हवा!”

टाळ्या चांगल्या पडल्या. मुंबईच्या साहेबांनी लिहून घेतलं. शिरपूरच्या गृहस्थांनी मला कोपर मारून विचारलं, “कोन शे हो हाऊ दाजी?”

मी म्हटलं, “असेल कुणी.”

“दान बी दिन्ही आनि नाव बी गयं,” ते म्हणाले आणि पोट धरून हसले.

पुढे माझं नाव पुकारलं. जीवराम तोताराम सरोदे, चिखलखेडे. त्या गृहस्थांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्याकडे, मग पायांकडे. पुन्हा सभा संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हसणारा माणूस गप्प झाला की किती वाईट वाटतं, हे मला धुळ्यात कळलं.

मी खांबाआडून बाहेर आलो. आपण पाण्याचा पेला तोंडाला लावलात. मी म्हणालो, “माझं म्हणणं मी चार पानांत लिहून श्री. भिरूड यांच्याकडे दिलं आहे. त्यांनी ते वाचावं.” आपण बॅग उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि म्हणालात, “कागद जळगावला राहिले.” मग अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, तोंडी सांगा. मला तोंडी सांगता आलं असतं. सगळं पाठ होतं. पण मी जे काही म्हणणार, ते आता ज्याच्या मोटारीला दया नाही त्या माणसाचं म्हणणं होणार होतं. मी नमस्कार केला आणि बसलो.

आपण माझ्याविरुद्ध बोललात याचं मला काही नाही. विधेयकाच्या बाजूने बोलायचा आपल्याला हक्क आहे आणि पुष्कळ शहाणी माणसं त्या बाजूने आहेत. पण मग माझी पानं घेतली कशाला? जानेवारीत माझ्या ओट्यावर बसून, “दाजी, तुमच्यासारखं कुणी लिहू शकत नाही, मी दणक्यात वाचतो,” असं म्हणाला तो कोण होता?

चार पानं रजिस्टर पोस्टाने परत पाठवावी.

आपला,
जी. तो. सरोदे


चिखलखेडे
२ मार्च १९९२

सुकदेव,

पानं मिळाली. सोबतचं पत्रही मिळालं. ‘आपण’ लिहून माझा हात दुखला, तेव्हा आता ‘तू’च लिहितो.

तू लिहितोस, “दाजी, राजकारणात घरचंच उदाहरण द्यावं लागतं, त्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही.” मग असोद्याचं घर तुझंच आहे ना? तुझ्या मळ्याशेजारी गावासाठी बोअर घ्यायची ठरली होती. मशीन तिथे येऊन उभं होतं, मी स्वतः पाहिलं. मग ते मशीन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. मला तेव्हा वाटलं, शाळेला जवळ पडावी म्हणून तू नेलीस. मी तर दोन-चार लोकांना कौतुकाने सांगितलं सुद्धा. आता विधेयकातलं अंतर वाचल्यावर कळलं की ती बोअर कुणाच्या विहिरीपासून लांब नेली होती. हे उदाहरण धुळ्यात दिलं असतंस तर टाळ्या आणखी पडल्या असत्या.

तिकिटाचं मला रतिलालशेठने सांगितलं. विधानसभेला तुला उभं राहायचं आहे आणि वरच्या मंडळींना हे विधेयक हवं आहे. राहा उभा. मत मागायला आलास तर मी देईन सुद्धा, कारण समोरचा तुझ्याहून वाईट असेल.

तू लिहितोस, “पण मी खोटं काय बोललो ते सांगा.”

या वाक्याशी मी तीन दिवस अडलो आहे. पुना तुला आठवतो, साक्रीकडचा, गावाची, आईच्या नावाची विहीर ज्याने खणली. जागा आखायच्या दिवशी तो, तू आणि मी असे तिघेच होतो. पुना जमिनीवर उकिडवा बसला, मूठभर माती घेतली आणि म्हणाला, “भाऊ, आठे नका खंदू. तुमनी विहिरना झरा आठेच येस. एकच पानी शे.” मी म्हणालो, एकच असू दे, गावाला माझ्याच विहिरीचं गोड पाणी मिळालं पाहिजे, आईच्या नावाला मचूळ पाणी चालणार नाही. तू म्हणालास, “वा दाजी!” धुळ्यात तू जे बोललास ते तुला तिथूनच कळलं. आपण तिघांत बोललेलं.

अनुदानातून ठिबक मिळवून देतो, असंही तू लिहिलंस. मागितलं नव्हतं.

हे पत्र मी इथे संपवणार होतो. पण तुझी अक्का समोर येऊन बसली आहे. ती लिहीत नाही, आणि म्हणते माझं बोलणं लिहा, एक अक्षर इकडंतिकडं करू नका. मी कुणाच्या बोलण्यात फेरफार करत नाही. ती म्हणते तसं लिहितो:

“सुकदेव, तू खोटं नाही बोलला. मोटार लागली का आपली बादली खडकावर वाजते. मी सोता ऐकलं, दोन उन्हाळे ऐकू राहिली. बाया मले काही बोलत नाहीत, माह्या तोंडाकडे पाहून गप बसतात. पन हे तुले यांच्यापाशी बसून सांगता येत नव्हतं का? घरात आला असता, जेवला असता, म्हटला असता, दाजी, मोटार थोडी बंद ठेवा. यांनी आधी शिव्या देल्या असत्या, मंग बंद केली असती. मले यांचा सभाव माहीत आहे. तू धुळ्याले जाऊन काबरं सांगितलं? माहा भाऊ खोटा नाही आन् माहा नवरा चोर नाही. मंग चोर कोन आहे, ते मले सांग.”

मी तिला विचारलं, दोन उन्हाळे ऐकलं तर मला का सांगितलं नाही? ती म्हणाली, “तुम्ही ऐकून घेता का?”

हेही लिहा म्हणाली. लिहिलं.

जीवराम


चिखलखेडे
६ एप्रिल १९९२

सुकदेव,

पाडव्याच्या आदल्या दिवशी ओव्हरसिअर येऊन गेला. भला माणूस, चहा घेतला. म्हणाला, धुळ्याच्या सभेत आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून मुंबईहून आदेश आहे. नमुना म्हणून या दोन विहिरींची पाहणी करायची, अहवाल विधेयकाच्या कागदांना जोडायचा. महिनाअखेर मोठे साहेब येतील, वर्तमानपत्रवाले येतील. त्यांना वाट दाखवायला तू येणार आहेस.

म्हणजे अजून झालेला नाही त्या कायद्याचा नमुना मी. उद्या गडचिरोलीपासून रत्नागिरीपर्यंत कुणाची मोटार बंद केली तर त्याला सांगतील, चिखलखेड्याचा जीवराम सरोदे बघ.

या. सकाळी या, बायका पाणी भरतात तेव्हा. तेव्हाच खरं काय ते दिसतं.

ओव्हरसिअरने विचारलं, तुम्हाला लेखी काही म्हणायचं आहे का? मी नाही म्हटलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं. माझ्याबद्दल त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं.

जीवराम


चिखलखेडे
७ मे १९९२
आखाजी होऊन दोन दिवस

सुकदेव,

पाहणीच्या दिवशी तू न जेवता गेलास. अक्काने पाट मांडले होते. जीपमधून तू हात केलास तो कुणाला केलास ते कळलं नाही, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

त्या सकाळी काय झालं ते तू पाहिलंस. काय झालं होतं म्हणून तसं झालं, ते तुला माहीत नाही. ते सांगायला हे पत्र.

अक्काने मार्चच्या पत्रात जे लिहवून घेतलं, त्यानंतर मी होळीपर्यंत तिच्याशी नीट बोललो नाही. रोज सकाळी बांधावर जाऊन बसायचो, आईच्या नावाच्या विहिरीपासून थोडा लांब, मोटार चालू ठेवून. बादली वाजते का ऐकायला. पहिल्या दिवशी बायका मला पाहून कुजबुजल्या. बेबाबाई म्हणाली, “काय भाऊ, पहारा देऊ राहिले का?” मी म्हटलं, हो. आणि बादली वाजली. दगडावर पत्रा घासल्यासारखा आवाज येतो. माझ्या आईचं नाव कोरलेला दगड त्या आवाजापासून हाताच्या अंतरावर आहे.

होळीच्या दिवशी मी मागच्या बागेचं पाणी तोडलं. कुणाला सांगितलं नाही. पुढच्या बागेला पाणी फक्त दुपारनंतर, बायकांचं भरून झाल्यावर. मागची केळीची बाग तेव्हा निसवत होती, घड बाहेर पडत होते. तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस, निसवणीत केळीचं पाणी तुटलं की काय होतं ते तुला सांगायला नको. चैत्र अर्धा झाला तेव्हा खोडं कमरेतून मोडायला लागली. दुपारी घरात बसलं तरी आवाज यायचा. अक्का एकदाच म्हणाली, “माह्या भावाच्या रागानं करू राहिले का बायांच्या दयेनं?” मी म्हटलं, मला ठाऊक नाही. खरंच नव्हतं. आता ठाऊक आहे, पण तिलाही सांगितलेलं नाही.

म्हणून त्या दिवशी तू साहेबांना घेऊन आलास तेव्हा विहिरीत पाणी होतं. तू दोनदा वाकून पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. साहेबांनी दोर सोडला, ओढला, वहीत लिहिलं आणि तुला विचारलं, “भिरूडसाहेब, टंचाई कुठे आहे?” आणि बेबाबाईने बादली पुढे केली, “सायेब, पानी पाहायले आले का प्यायले? घ्या, पोटभर प्या.” फोटोवाला हसला. तू म्हणालास, दाजींनी मोटार मुद्दाम बंद ठेवली असेल. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, “बंद नाही. दुपारी लावतो. मागची बाग मेली आहे, ती पाहून घ्या.” त्यांनी पाहिली. बराच वेळ पाहिली. अहवालात त्यांनी काय लिहिलं असेल ते असो, तुझा नमुना त्यात नसेल.

तू धुळ्यात बोललास ते खरं होतं. मी ते खोटं केलं. मागच्या बागेत मी तेवढंच पिकवलं या वर्षी.

तू म्हणशील, म्हणजे विधेयकाचंच म्हणणं खरं ठरलं. मोटार आवरली, पाणी वाढलं. बरोबर आहे. मी हिशेबात मुद्दाम चूक करणारा माणूस नाही. पण मोटार आवरली ती कलेक्टरच्या हुकमाने नाही, सीलच्या तारेने नाही. घरातल्या माणसाने सांगितलं म्हणून आवरली. विधेयक तर होईलच. मुंबईत हात वर होतील आणि होईल. त्या दिवसानंतर मी मोटार आवरली तर ती कायद्याला भिऊन आवरली असं होईल. बायकांना वाटेल, सरकारने पाणी दिलं. खरंच दिलेलंही असेल. पण माझ्या हातात देण्यासारखं जे होतं ते तेव्हा राहणार नाही. कोपरा मी दिला तेव्हा तो माझा होता म्हणून देता आला. हे मी चार पानांत लिहायचं विसरलो होतो. पाचवं पान करायला हवं होतं.

आणि तू हे सगळं माझ्याकडे मागू शकत होतास. याआधी मागितलं होतंस, आणि मी दिलं होतं. एवढंच मला अजून समजलेलं नाही, आणि समजेल असं वाटत नाही.

आता आखाजीचं. घागर मी स्वतः भरली. आईची तिच्या नावाच्या विहिरीवरून, बाबांची त्यांनी फोडलेल्या विहिरीवरून, हाताने शेंदून. पाणी एकाच झऱ्याचं आहे हे माहीत असून दोन ठिकाणी गेलो. अक्का म्हणाली, बाबांच्या पाटावर कोण? मी म्हटलं, पुना. तिच्या तोंडावर काय काय आलं ते मी पाहिलं. तिला वाटलं होतं, मी शेवटी तुलाच बोलावीन. ती आत गेली आणि पुरण वाटत बसली. मग बाहेर येऊन म्हणाली, “त्याले सांगा, आंघोळ करून ये म्हना.”

पुना धुतलेलं धोतर नेसून आला. लाजत होता. पाटावर अर्धाच टेकला. मी म्हटलं, नीट बस, तू बाबा आहेस. मग नीट बसला. जेवला पोटभर. जेवण झाल्यावर आमच्या घरचा रिवाज त्याला सांगितला, की पितराने काय मागायचं ते आता मागायचं, नाही म्हणणार नाही. त्याने रिकाम्या ताटाकडे पाहिलं. अक्का दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. खरं सांगतो, मला भीती वाटली. मागच्या तीन वर्षांत त्या पाटाची मला भीती बसली आहे.

पुना म्हणाला, “भाऊ, एक सांजोरी अजून दे.”

अक्काने दोन वाढल्या. माझ्या बाबांनाही सांजोरी फार आवडायची. ते जिवंत असताना कुणाकडे त्याहून जास्त काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही.

पुढच्या आखाजीला बोलावणं येईल का, असं तू अक्काला निरोपातून विचारलंस. ती तुझी बहीण आहे. ती बोलावील तेव्हा ये, तिच्या हातचं जेव. मी घरात असेन, बोलेन सुद्धा. तुझ्यासाठी वेगळा पाट आहे, तो मांडू.

बाबांच्या पाटावर बसायचं नाही.

जीवराम तोताराम सरोदे